तालमीच्या भिंतीवरचा मारुती

भिंती बघत हिंडायची सवय मला शाळेच्या कामानं लागली. नव्वदनंतरची पहिली काही वर्षं. नृसिंहवाडीजवळच्या एका खेड्यातून मी कोल्हापुरात प्राथमिक शिक्षिका म्हणून आले होते. दर उन्हाळ्यात आम्हाला पटनोंदणीला पाठवत. गल्लीबोळ पालथे घालायचे, शाळेच्या वयाचं मूल कुठल्या घरात आहे ते शोधायचं आणि त्याला शाळेत घालायला आईबापांना राजी करायचं. बरोबरच्या बायका ऊन चढायच्या आत दोन गल्ल्या उरकून घरी जात. मला घरी जाऊन करण्यासारखं काही नव्हतं. तालमीसमोरच्या माडीवर भाड्याची एक खोली होती आणि दुपारी तिचा पत्रा असा तापायचा की आत बसवत नसे. म्हणून मी हिंडायची.

पहिलं चित्र मला मंगळवार पेठेत दिसलं. एका दूधवाल्यानं भिंतीवर म्हैस काढून घेतली होती. खाली खरी म्हैस बांधलेली, तांब्या घेऊन गिऱ्हाइकं उभी. चित्रातली म्हैस मान वळवून मागं बघत होती. तिच्या कासेला हात लावणारा चित्रात कुणी नव्हता, पण तिच्या डोळ्यांत तो दिसत होता. मी बराच वेळ उभी राहिले तेव्हा दूधवाला म्हणाला, "रोज बघतोय बाई. कवाकवा धार काढाय नको वाटतंय बगा." आणि बादली घेऊन धार काढायला बसला.

मग मी शोधायलाच लागले. पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर डोक्यावर डबा घेतलेली बाई होती. तिचा एक खांदा खाली उतरलेला, पायात दोन वेगळ्या जोडांच्या चपला. ती पेठेतलीच खरी बाई होती. चित्र निघाल्यापासून पोरं तिच्या मागून एक खांदा पाडून चालायची. शेवटी ती दळण लांबच्या गिरणीत न्यायला लागली. एका बोळाच्या तोंडाशी लोक आडोशाला उभे राहायचे. तिथं देवांच्या फरशा लावून झाल्या होत्या, काही उपयोग झाला नव्हता. आता तिथं एक म्हातारी काढली होती. कमरेवर हात, तोंड किंचित उघडं, आता ही काय बोलणार हे बघणाऱ्याला कळावं अशी. देवांना न जुमानणारे लोक त्या म्हातारीसमोर येऊन पुढं सरकायचे.

सगळी चित्रं एकाच हातची होती. हे ओळखायला सही बघायची गरज नव्हती, माणसांच्या बोटांवरूनच कळायचं. नखांतला मळसुद्धा काढलेला असे. आणि दया कुठंच नव्हती. चामखीळ असेल तर चामखीळ, तिरळेपणा असेल तर तिरळेपणा. खाली कोपऱ्यात सही मात्र वेगळी होती. वाकडी, नागमोडी, दर अक्षराला थांबून काढल्यासारखी. मला वाटायचं, ही त्या पेंटरची ऐट असेल.

शाळेत मी या भिंतींबद्दल इतकं बोलायची की मोठ्या बाई एकदा म्हणाल्या, "त्यालाच बोलवा. आपल्या व्हरांड्याची भिंत रंगवून घेऊ." पेंटरचं दुकान शुक्रवार पेठेत होतं. उंच, गोरा, पांढऱ्या मिशांचा माणूस. दुकानाच्या फळीवर मांडी घालून बसला होता आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दिवाळीच्या सुट्टीत करतो. शाळा मोकळी पायजे. काम चालू असताना कुणी बघितल्यालं मला चालत न्हाय."

सुट्टीत माझी छत्री शाळेत राहिली होती, ती आणायला मी गेले. व्हरांड्यात दोन बाकांवर फळी टाकलेली होती आणि तिच्यावर विशी-बाविशीची एक मुलगी उभी होती. अंगात बापाचा जुना शर्ट, डोक्याला फडकं. ती चित्र काढत होती. पेंटर खाली खुर्चीवर बसला होता. त्याच्या हातात एक लांब काठी होती. पेंटर लोक हाताला टेकू म्हणून वापरतात तशी. मी बघतेय हे त्यांना कळायच्या आत त्यानं त्या काठीनं मुलीच्या पोटरीवर फटका मारला.

"पाय बग तो पोराचा. सरळ आलाय का?"

मुलीनं वळूनही बघितलं नाही. "त्या पोराचा पाय सरळ न्हायच," ती म्हणाली.

मग त्याचं लक्ष माझ्याकडं गेलं. तो उठला, हात खिशात घातले आणि बाहेर निघून गेला. मुलगी फळीवरून उतरली. तिच्या पोटऱ्यांवर काठीचे जुने-नवे वळ होते.

"बाई, कुणाला सांगू नगासा," ती म्हणाली. "आबांच्या हाताला कंप सुटलाय. सगळं मीच काढतो. सही तेवढी तेंची. ती मला करू देत न्हाईत."

कोल्हापूरच्या मुली 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात, त्याची मला तोवर सवय झाली होती. मी कुणाला सांगणार नाही असं तिला म्हणाले, आणि सांगितलंही नाही. पण त्या दिवसापासून मी तिच्याकडं जायला लागले. आई लहानपणीच गेलेली, भाऊ-बहीण नाही, घरात ती आणि बाप. ती गोड मुलगी नव्हती. माणसांबद्दल चांगलं असं क्वचितच बोलायची. गिरणीवरच्या बाईची गोष्ट मी काढली तेव्हा म्हणाली, "माझ्या आईला वांझ म्हनत हुती, मी व्हायच्या आदी. तिचा खांदा पडलाय त्यो मी न्हाय पाडला."

शाळेच्या भिंतीवर तिनं शाळेत निघालेली मुलं काढली होती. एकाच्या नाकाला शेंबूड, एक अनवाणी. मोठ्या बाईंनी सांगितलं, शेंबूड पुसा आणि त्या मुलाला चपला काढा. शेंबूड तिनं पुसला. चपला काढल्या त्या बापाच्या पायाच्या मापाच्या, त्या मुलाला एक पाऊलही टाकता येणार नाही एवढ्या मोठ्या. मोठ्या बाईंना समाधान वाटलं.

तालमीचं काम पुढच्या वर्षी आलं. माझ्या खोलीसमोरच्या तालमीला रस्त्याच्या बाजूनं मोठी कोरी भिंत होती. तिच्यावर द्रोणागिरी घेऊन निघालेला मारुती काढायचा असं ठरलं. तालमीचे वस्ताद स्वतः पेंटरच्या दुकानात गेले. असं काम मिळणं हा पेठेत मान होता.

मुलगी नको म्हणाली. मी तिथंच बसले होते.

"आबा, तालमीचं नको. उंबऱ्याला बाईमाणसाची सावली पडलेली चालत न्हाय तितं."

"भाईरची भित्त हाय. ताडपत्रीच्या आत कोण बघतंय?"

"कळलं मजी?"

"तू बोलल्याशिवाय कसं कळंल?" असं म्हणून त्यानं काठी उचलली, मारली नाही, नुसती मांडीवर आडवी धरली. ती रंगाचे डबे मोजायला लागली.

तालमीत पोरं पहाटे आणि संध्याकाळी मेहनत करत. दुपारी सगळं सामसूम. परांचीसमोर ताडपत्री बांधून बापलेक दुपारभर काम करायची. बाप ताडपत्रीच्या बाहेर स्टुलावर बसायचा आणि कुणी डोकावायला आलं तर सांगायचा, "डोळं उगडायच्या आदी देव बगायचा नसतोय." मग लोक पाया पडून मागं व्हायचे. आत मुलगी आहे हे सगळ्यांना माहीत होतं. बापाला रंग कालवून द्यायला आहे, असं सगळे समजत होते. बाप बाहेर असताना आत काम कसं पुढं सरकतंय, हा प्रश्न कुणाला पडला नाही. माझ्या माडीवरून ताडपत्रीच्या वरून आतली सगळी भिंत दिसायची. त्यामुळं पेठेत सगळ्यांच्या आधी तो मारुती मी पाहिला.

आमच्या घरानं आजोबांच्या वेळी धर्म बदलला आणि देव सोडले. आमच्या घरात बुद्धाची मूर्ती होती, मारुती नव्हता. पाया पडायची सवय माझ्या हातांना नाही. तरी त्या मारुतीसमोर मी रोज दुपारी उभी राहायची. दुसरीकडं जे मारुती पाहिले होते ते डोंगर फूल धरल्यासारखा हलका धरून उडायचे. या मारुतीला डोंगर जड झाला होता. टाच मातीत रुतलेली, पोटरीच्या शिरा तट्ट फुगलेल्या, खालचा ओठ दातांत धरलेला. तो अजून उडाला नव्हता, उडणार की नाही याची शंका वाटत होती.

ताडपत्री काढली तेव्हा रस्ता माणसांनी भरून गेला. हलगी वाजली, नारळ फुटले. वस्ताद बराच वेळ भिंतीकडं बघत राहिले आणि म्हणाले, "ह्यो आमच्यातला हाय." पेंटरला फेटा बांधला, हार घातला, खांद्यावर घेऊन नाचवला. त्याचे हात वर हवेत थरथरत होते आणि लोकांना वाटलं आनंदानं. मुलगी रस्त्याच्या पलीकडं बायकांच्यात माझ्या शेजारी उभी होती. तिच्या कानाच्या पाळीला शेंदरी रंग लागला होता. मी पदरानं पुसायला गेले तर ती म्हणाली, "ऱ्हावू दे. त्येवडाच माझा हाय."

त्यानंतर पैलवान आखाड्यात उतरायच्या आधी त्या भिंतीला हात लावून तो कपाळाला लावायला लागले. दुसऱ्या पेठांतले लोक बघायला यायचे. उचगावकडची एक नवरी वरातीतून उतरून पाया पडून गेली. पेंटरला एवढी कामं यायला लागली की मुलगी दिवसभर परांचीवर आणि बाप दिवसभर हॉटेलात, लोकांच्या घोळक्यात. मारुतीची टाच कशी साधली हे तो चहा पीत सांगायचा. मी एकदा स्वतःच्या कानांनी ऐकलं. सगळं बरोबर सांगत होता, कारण रस्ता मोकळा असला की तो ताडपत्री सारून तिचं काम बघत असे.

पुढच्या पावसाळ्यात भिंतीला ओल धरली. मारुतीच्या उजव्या गुडघ्यावर गिलावा फुगला आणि एक भेग गेली. आणि त्याच हंगामात तालमीचा सगळ्यात नावाजलेला पैलवान एका जत्रेच्या मैदानात उजव्या गुडघ्यातून गेला. त्याला चौघांनी उचलून आणला. तो पुन्हा कधी लढणार नाही असं डॉक्टर म्हणाले. गुडघ्याची आणि गुडघ्याची गाठ पडायला वेळ लागला नाही. देवाचं काम करताना पेंटरनं पथ्य पाळलं नसणार असं लोक बोलायला लागले. कुणी म्हणालं मटण खाल्लं असणार, कुणी म्हणालं दारू.

शनिवारी सकाळी वस्तादांनी त्याला भिंतीसमोर बोलावलं. पैलवान पोरं उघड्या अंगानं कडेला उभी होती, अंगावर लाल माती तशीच. मी शाळेला निघाले होते, जिन्यात थांबले. वस्ताद ओरडणारे नव्हते. शांतपणे विचारत होते.

"काम चालू असताना पथ्य पाळलंतासा न्हवं?"

"व्हय की."

"भित्तीवर हात ठिवून सांगा."

पेंटरनं भिंतीकडं पाहिलं. हात खिशातच होते. ते त्यानं बाहेर काढले आणि पहिल्यांदाच सगळ्या पेठेसमोर धरले. दोन्ही लटलट कापत होते.

"मी न्हाय काढला," तो म्हणाला. "ह्या हातानं काय निगणार? पोरीनं काढलाय. माझं पथ्य मी पाळलंय. तिचं तिला इचारा."

मग कुणीतरी मुलीला आणायला गेलं. ती हात पुसत आली, पीठ मळत होती वाटतं. बापानं तिच्याकडं पाहिलं नाही. वस्तादांना तिच्याशी काय बोलावं कळेना, म्हणून त्यांनी जमलेल्या बायकांकडं पाहिलं. आमच्या घरमालकीणबाई पुढं झाल्या.

"अडचनीच्या दिवसांत हात लावलतास का गं देवाला?"

ती नाही म्हणाली असती तर कुणाला काय कळणार होतं? पण ती म्हणाली, "काम म्हयनाभर चाललंतं. तुमीबी बाईच हाईसा की. हिशोब करा."

मग जो कालवा उठला त्यात बायकांचे आवाज वरचढ होते. कुणी तिला सटवी म्हणालं, कुणी म्हणालं हिच्यामुळं एका पोराचा पाय गेला. मी जिन्यातून खाली उतरले आणि वस्तादांसमोर गेले. म्हणाले, "वस्ताद, वर्षभर याच मारुतीच्या पाया पडलात. तुम्हीच म्हणालात हा आमच्यातला आहे. काढणारा हात कळला म्हणून मारुती बदलला का?"

वस्ताद माझ्याशी आदरानं बोलले. "बाई, तुमी शाळंत शिकवा. ह्यातलं तुमाला कळायचं न्हाय."

मागून कुणीतरी म्हणालं, "तेंच्यात देव न्हाय, तेंना काय त्याचं." लोक हसले. मी उभी राहिले, पण त्यानंतर माझं कुणी ऐकलं नाही.

ठरलं असं की मारुती उतरवायचा. कुणी उतरवायचा, यावर थोडा वाद झाला. पैलवान पोरं देवाच्या अंगाला पटाशी लावायला तयार होईनात. शेवटी एक म्हातारा म्हणाला, "तिनं काढलाय, तिनंच खरडावा. पाप तिच्या हातनं आलंय, तिच्याच हातनं जाऊ दे." ते सगळ्यांना पटलं. जिच्या हातानं भिंत बाटली तिनं आता पुन्हा हात लावलेला चालणार होता. शिडी आली. पटाशी आणि एक खुरपं आलं. शिडी डुगडुगत होती, कुणीतरी धरायला हवी होती. मुलीचा विटाळ नको म्हणून कुणी पुढं होईना. तेव्हा तिचा बाप पुढं झाला आणि शिडी धरून उभा राहिला. त्याच्या कंपानं ती आणखी हलायला लागली.

मुलगी वर चढली आणि डोंगरापासून सुरुवात केली. झाडं खरडली, दगड खरडले. खालून वस्ताद म्हणाले, "आदी तोंड." डोळे उघडे ठेवून देवाला आपली विटंबना बघायला लावू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. ती एक पायरी उतरली आणि तोंडाला पटाशी लावली. ऑइलपेंट सहज निघत नाही. एकेक टवका उडवावा लागतो. दुपार झाली, ऊन भिंतीवर आलं, ती खरडत होती. शेंदरी धूळ तिच्या केसांवर, पापण्यांवर, ओठांवर बसली होती. ती रडेल म्हणून बायका वाट बघत थांबल्या होत्या. ती रडली नाही. कंटाळून त्या स्वयंपाकाला गेल्या. एकदा तिनं पाणी मागितलं. मी माडीवरून तांब्या आणला, पण शिडीखाली उभ्या पोरांनी मला पुढं जाऊ दिलं नाही. तांब्या बापाकडं दिला. त्यानं तो वर करायचा प्रयत्न केला आणि कापत्या हातांतून निम्मं पाणी स्वतःच्या अंगावर सांडलं.

टवके खाली पडत होते तिथं वस्तादांनी नवं कोरं धोतर अंथरायला लावलं होतं. देवाच्या अंगाचा रंग मातीत पडता कामा नये, गटारात जाता कामा नये. संध्याकाळी सगळे टवके त्या धोतरात बांधले, त्यावर फुलं वाहिली, गुलाल उधळला आणि हलगी लावून पंचगंगेवर विसर्जनाला नेले. पैलवान पोरांतली काही रडत होती. रस्त्यातल्या लोकांनी बाजूला होऊन हात जोडले.

मुलगी शिडीवरून उतरली आणि घरी गेली. तिच्याबरोबर मी गेले. वाटेत ती एवढंच म्हणाली, "गुडग्याजवळचा गिलावा कच्चा हुता. मी आबांस्नी सांगितलंतं, आदी गवंडी बोलवा म्हणून."

आठवड्याभरात मोठ्या बाईंनी शाळेच्या भिंतीला चुना मारून घेतला. पालक विचारायला लागले होते म्हणे. माझी त्यावरून त्यांच्याशी चांगलीच वाजली, पण चुना निघाला नाही. गिरणी, म्हैस, बोळातली म्हातारी, सगळं एकामागून एक पुसलं गेलं. म्हातारी पुसल्यावर लोक पुन्हा तिथं उभे राहायला लागले. घरमालकीणबाईंनी मला खोली सोडायला सांगितली. तालमीनं सांगलीकडचा एक पेंटर आणला. त्यानं काढलेला मारुती गुबगुबीत होता, डोळ्यांत थोडा तिरळा, आणि डोंगर त्यानं तळहातावर लाडवासारखा धरला होता. पैलवान त्या भिंतीलाही हात लावून कपाळाला लावायचे. त्या हंगामात आणखी दोघं जायबंदी झाले. तेव्हा कुणी भिंतीकडं पाहिलं नाही.

बापानं तिला राधानगरीकडं एका बिजवराला देऊन लग्न उरकलं. तिकडच्या पावसात भिंतीवर रंग टिकत नाही, हे चांगलंच, असं तो मला म्हणाला.

त्यानंतर मी तिला पाहिलं ते थेट दोन हजारनंतर. शहरात तोवर हाती रंगवलेल्या पाट्या जाऊन सगळीकडं फ्लेक्स आले होते. निवडणुकीच्या कामावर मला राधानगरी भागातलं एक गाव मिळालं आणि ते तिच्या गावाच्या शेजारचं निघालं. काम संपल्यावर मी चालत गेले. ती गोठ्यात होती. अंगानं भरली होती, केस पुढून पांढरे झाले होते. मला बघून फारसं आश्चर्य न दाखवता म्हणाली, "बसा बाई. धार काढून येतो."

नवरा ऊसतोडीच्या गडबडीत शेतावर होता. मूलबाळ नव्हतं. गोठ्याला लागून पडवी होती आणि पडवीत खाटेवर तिचा बाप पडला होता. अंगावरून वारं गेलं होतं, एक बाजू लुळी, तोंड वाकडं. अंगाखालची वाकळ स्वच्छ होती, दाढी केलेली होती. तिनं त्याला चांगलं ठेवलं होतं.

"तूच आणलंस यांना?" मी विचारलं.

"मग कोण आननार? दुकानात पडून हुतं. येताना ब्रशांची पेटीबी आणली तेंची. लई जीव हुता पेटीवर."

"तू काढतेस काही?"

"न्हाय."

"मग ब्रश?"

तिनं अंगणातल्या पाणी तापवायच्या चुलीकडं हनुवटी केली. "तेंच्या आंगुळीच्या पाण्याला. खाटंवरनं दिसतंय की चूल. रोज सकाळी एक लावायचा. एकदम न्हाय. लाकडी मुठीचे, चांगले जळत्यात. शेवटाला ती काठी. संपल्यावर मग शेणी लावाय लागलो."

हे तिनं मशेरी लावता लावता सांगितलं. पहिल्या दिवशी म्हातारा ओरडला, नंतर रोज सकाळी डोळे मिटून घ्यायचा, आणि तो डोळे उघडेपर्यंत ती पाणी काढत नसे. मला तिचा राग आला नाही आणि म्हाताऱ्याची कीव करायची म्हटली तर तीही नीट येईना.

मी निघाले तेव्हा म्हाताऱ्यानं मला ओळखलं. चांगला हात उचलला आणि बोलायला लागला. वाकड्या तोंडातून नुसता घोगरा आवाज यायचा, एक शब्द कळेना. बराच वेळ तो बोलत होता, थांबत होता, पुन्हा तेच सांगत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला वाटलं, हा इतक्या वर्षांनी माफी मागतोय. मी तिच्याकडं पाहिलं. त्याचं बोलणं फक्त तिलाच कळायचं.

"काय म्हणतायत?"

"भूक लागलीया म्हंत्यात," ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं जोरजोरात मान हलवली. नाही, नाही. तिनं त्याच्या तोंडावरची लाळ पुसली आणि आत जाऊन भाकरी दुधात कुस्करून आणली. तो तोंड मिटून राहिला. तिनं गाल दाबून चमचा आत घातला.

परत येताना एसटीत सगळा वेळ मी तिच्यावर चिडले होते. बापानं माफी मागावी आणि लेकीनं ती पोचूच देऊ नये, एवढं कुणी कठोर व्हावं का, असं मला वाटत होतं.

म्हातारा गेल्याचं मला पुढच्या वर्षी कळलं. तिच्या गावच्या मास्तरांनी शाळेत फोन केला होता. मी दहाव्याला गेले. जेवणं उरकल्यावर आम्ही दोघी पडवीत बसलो. खाट उभी करून ठेवली होती. मी तिला विचारलं, "मी आले होते तेव्हा ते काय सांगत होते? आता तरी सांग."

ती पत्रावळीच्या काड्या मोडत बसली होती. हातातली काडी टाकून म्हणाली, "म्हनत हुतं, बाई, आता लई दिस झालं, लोकं इसरल्यात. तुमी शिकल्याल्या हाईसा, तुमचं ऐकत्यात. पेठंत जाऊन सांगा, त्यो मारुती मीच काढलावता."

मग मी म्हणाले, "हे तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुमचा काय भरवसा," ती म्हणाली. "मरायला टेकल्यालं माणूस सांगतंय म्हनून तुमी जाऊन सांगितलं असतंसा."

ती उठली आणि भांडी गोळा करायला गेली. मी संध्याकाळच्या गाडीनं परत आले. पेठेत त्याबद्दल मी कुणाशी बोलले नाही, आणि मला कुणी विचारलंही नाही.